हायपरटेन्शनमधलं टेन्शन

"मॅडम, मला कायबी टेन्शन न्हाई. मग गोळ्या कशाला खायच्या?"

भाऊसाहेब खुर्चीत निवांत बसले होते. मी बीपीच्या मशीनकडे बघत होते. वरचा आकडा एकशे ऐंशी, खालचा एकशे दहा. दुसऱ्या हातावर घेतलं. तेच.

नागापूरच्या एका कारखान्यात मी आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर म्हणून बसते. भाऊसाहेब तिथले क्रेन ऑपरेटर. लोखंडी पत्र्याच्या जड गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, उचलून शेडच्या या टोकाहून त्या टोकाला नेतात. आसपास माणसं काम करत असतात. म्हणून दर सहा महिन्यांनी त्यांना माझ्या सहीचा फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. मागच्या वेळी मीच कार्डावर ‘हायपरटेन्शन’ लिहून गोळी सुरू केली होती.

"गोळी कधी सोडली?"

"दिवाळी झाल्यावर. तुमी गोळी चालू केली तवा थोरल्या भावाचं बायपास हुतं. लई टेन्शन हुतं. आता भाऊ घोडेगावच्या बाजारात म्हशी बघत हिंडतोय. माझं टेन्शन गेलं."

हायपरटेन्शन म्हणजे वाढलेला रक्तदाब. मनात काळजी नसतानाही तो वाढलेला असू शकतो. मी हे दोनदा सांगितलं. भाऊसाहेबांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि म्हणाले, "पर मला न्हाईच ना टेन्शन."

मी दाखल्यावर सही केली नाही. एचआर मॅनेजरचा लगेच फोन आला.

"मॅडम, दुसरा ऑपरेटर रजेवर आहे. सही करा, गोळी तो घेईल."

"कॉइल वर असताना याला चक्कर आली तर?"

"बरं, त्याला खाली स्टोअरमध्ये काम देतो."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. एकवीस वर्षं ते क्रेनवर होते. "आता मातर टेन्शन आलं," ते म्हणाले. हसले नाहीत.

मला प्रश्न पडला, हा शब्द लोकांना ऐकू येतो तरी कसा? दुपारी मी भेटेल त्याला विचारत सुटले. कॅन्टीनच्या मंगलताई म्हणाल्या, "पोरीची बारावी, म्हंजे टेन्शन." इलेक्ट्रिशियनने खिडकीतून बाहेरच्या तारा दाखवल्या. "हाय टेन्शन लाइन. जवळ जायचं नाही." मेंटेनन्सचे शेखभाई पाना घेऊन निघाले होते. "मशीनच्या बेल्टचं टेन्शन चेक करायला चाललोय."

"जास्त झालं तर काय होतं?"

"सुरुवातीला काय न्हाई. मशीन चालतंय तसंच चालतं. आत बेअरिंग खराब होत जातं. एक दिवस जाम."

मी भाऊसाहेबांना त्या मशीनपाशी बोलावलं आणि शेखभाईंना तेच पुन्हा सांगायला लावलं. भाऊसाहेबांनी बेल्टवर बोट दाबून पाहिलं.

"म्हंजे बेल्टला काळजी नसती," ते सावकाश म्हणाले, "तरी ताण असतो."

"व्हय," शेखभाई म्हणाले.

"आन् माझ्या रक्ताच्या नळ्यांचं तसं हाय?"

"तसंच," मी म्हणाले.

त्या संध्याकाळपासून त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. पाच आठवडे स्टोअरमध्ये काढले. आकडे खाली आले, तसेच राहिले, मग मी सही केली.

आता कार्डावर मी ‘रक्तदाब जास्त’ लिहिते. आणि लिहून झालं की विचारते, "काय समजलं, सांगा बरं." अर्धं मिनिट जातं. कित्येकदा उत्तर ऐकून मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.