मालखेडच्या तलावावर मामांनी ऐकलेले सारस

आधीच सांगते, मी शाळेत सायन्स शिकवते. भूतबित, अंगात येणं, कुणाला कसले आवाज येणं... असल्या गोष्टींवर स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने हसणारी मीच. तरीही हे लिहितेय, कारण आम्ही तिघं तिथे होतो आणि फोटोही आहेत.

आमचे दिनकरमामा शेंदूरजनाघाटचे. संत्र्याची बाग आहे. तरुणपणी काही वर्षं गोंदियाकडे नोकरीला होते, तिथेच पक्ष्यांचं वेड लागलं. मागच्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान पार गेले. मशीन लावूनही उपयोग नाही. आम्ही मोबाइलवर टाइप करून दाखवतो, ते वाचून बोलतात. तेव्हापासून बागेतसुद्धा जाईनासे झाले. "पाखरं मुकी झाली व माय," एवढंच म्हणायचे.

या हिवाळ्यात ते अमरावतीला आमच्याकडे आले, तेव्हा मी आणि माझे मिस्टर प्रशांत त्यांना जवळजवळ ओढतच मालखेडच्या तलावावर घेऊन गेलो. पोहऱ्याच्या जंगलाला लागून आहे हा तलाव. सकाळचं कोवळं ऊन, पाण्यावर चक्रवाकांची जोडी, चित्रबलाक, पलीकडे पाणी प्यायला आलेला रोही, म्हणजे नीलगाय... मामा दुर्बीण घेऊन दगडावर बसले. चेहरा मात्र तसाच उतरलेला.

आणि एकदम ताडकन उठले!

"वंदू! सारस! सारस बोलून राह्यले!"

मी टाइप केलं – 'मामा, इकडे सारस नाहीत. गोंदियाकडेच दिसतात.'

"मले आयकू येऊन राह्यलं ना! तुले नाई येत काय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मामांनी दोन्ही हातांनी कान झाकले. "आता बंद." हात काढले. "आता चालू!" डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू. कान परत आले की काय यांचे? प्रशांतने मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. मामा हललेसुद्धा नाहीत. मी ओरडून हाक मारली... काही नाही. त्यांना फक्त सारस ऐकू येत होते!

मामा काठाने निघाले, जवळजवळ पळतच. मध्येच थांबायचे, मान वळवायचे, पुन्हा पुढे. आम्ही त्यांच्या मागे. बेशरमीच्या झुडपांपलीकडे तलावाचा एक उथळ कोपरा होता. मामा तिथे थांबले आणि बोट दाखवलं. "एक हा, त्या ओंडक्यापाशी. दुसरा त्याच्या डाव्या हाताले."

तिथे नुसता चिखल आणि पाणी. एक बगळासुद्धा नव्हता.

"मामा, चला आता," प्रशांतने हातानेच खुणावलं.

"थांबा ना जावईबापू!"

आम्ही थांबलो. आणि थोड्याच वेळात सागाच्या झाडांवरून दोन प्रचंड राखाडी पक्षी आले... लाल डोकी, मागे ताणलेले लांब पाय! सारस!! मी घाईघाईत कॅमेरा वर केला, पहिले सगळे फोटो हललेले आलेत. एक उतरला ओंडक्यापाशी. दुसरा त्याच्या डाव्या बाजूला.

मग दोघांनी चोची आभाळाकडे केल्या आणि ओरडू लागले. काय तो आवाज! तुतारीसारखा, सगळा तलाव दणाणला. मी आनंदाने मामांचा दंड धरला.

मामा गोंधळून माझ्याकडे बघत होते.

"आता कावून बंद झालं, वंदू? चोची तं उघड्या दिसून राह्यल्या..."

त्यानंतर त्यांना काहीही ऐकू आलेलं नाही. कानाचे डॉक्टर म्हणाले, बहिऱ्या माणसाला कधीकधी मेंदूच आवाज ऐकवतो. मान्य. पण मेंदूला ओंडका कसा कळला? डावी बाजू कशी कळली? डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकले, तर कितीतरी जण मालखेडला जाऊन आले. सारस कुणालाच दिसले नाहीत.

मी अजून उत्तर शोधतेय. मामांना मात्र त्याची गरजच वाटत नाही. परत येताना गाडीत मी रडवेली होऊन टाइप केलं होतं – 'मामा, नेमकं ते ओरडले तेव्हाच तुम्हाला ऐकू आलं नाही हो.'

ते वाचून मामा खदाखदा हसले.

"अवं, मी तुमच्या पह्यले आयकलं ना!"