गुळव्याची नजर आणि माझी वही

नातीनं परवा मला एक चष्मा दाखवला. तो घातला की माणूस नेमकं कुठं बघतोय ते संगणकावर उमटतं म्हणे. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेचा ती अभ्यास करणार आहे. "आणि आजी, बघता बघता मनात काय चाललंय, तेही त्यांना बोलायला लावणार!"

मी चहाचा कप खाली ठेवला. हा उद्योग मी तिच्याच वयात करून बसले होते.

तेव्हा मी मानसशास्त्र शिकत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. कुरुंदवाडकडच्या एका गुऱ्हाळावर रोज एसटीनं जायचे. खांद्याला झोळी, झोळीत वही आणि स्टॉपवॉच, अंगावर पांढरी इस्त्रीची साडी. गुऱ्हाळावर पांढरी साडी! यावरूनच अक्कल कळावी.

गूळ तयार झाला हे उकळत्या रसाकडे नुसतं बघून गुळव्याला कसं कळतं, हा माझा विषय. रसाची मोठी कढई, म्हणजे काहील, जरा आधी उतरवली तर गूळ मऊ पडतो, जरा उशीर झाला की काळा. तिथले गुळवे मामा पन्नाशीचे. गालात तंबाखू, हात पाठीमागं, डोळे काहिलीवर. त्यांनी "उतरा!" म्हटलं की गडी धावायचे. त्यांच्या हातचा गूळ हवा म्हणून पार कागलकडचे शेतकरी ऊस घेऊन यायचे.

"मामा, मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा," मी सांगितलं. पुस्तकात तशी पद्धत होती.

"मनात ह्येच येतंय बाई, की तुमी जरा मागं सरा. साडी पेटंल."

तिसऱ्या दिवशी त्यांना माझी दया आली आणि ते बोलायला लागले. लागले ते थांबेचनात. "ह्यो बुडबुडा बघा, म्हशीच्या डोळ्यागत. ह्यो फुटला की आतनं बारका येतोय. माझ्या चुलत्यानं मला हितंच मान धरून दावलं..." मी पानांवर पानं लिहितेय. बुडबुडा केवढा ते बोटांनी दाखवायला मामा माझ्याकडं वळले, आणि करपल्याचा वास आला.

गूळ डांबरासारखा झाला. मालक धावत आला. "मामा, ह्ये काय झालं?"

"नजर हलली," मामा म्हणाले. माझं नाव काढलं नाही.

"मग उद्यापास्नं दुसरा गुळव्या बघतो मी."

आणि मी काय केलं? वहीत लिहिलं : 'तज्ज्ञाची चूक, एक.' खाली पट्टीनं रेघ मारली.

थांब्यावर जाऊन उभी राहिले. तिथून मामा दिसत होते. करपलेली काहील घासत बसले होते. ते गड्याचं काम. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोर आलेली एसटी सोडून परत गेले.

"मालक, त्यांना बोलायला मी लावलं."

मालकानं मला झोळीपासून साडीपर्यंत न्याहाळलं. "शिकल्याल्या हाय न्हवं तुमी?"

"व्हय."

"मग उद्या मामाच हुबं ऱ्हातील. तुमी बी या. पण तोंडातनं शब्द काढलासा तर ह्याच काहिलीत घालीन."

दुसऱ्या दिवशी चिपाडाच्या ढिगावर गप्प बसले. लिहायला काही नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच मामांकडं नीट बघितलं. "उतरा!" म्हणायच्या जरासं आधी त्यांचा जबडा थांबला. तंबाखू चघळणं बंद. इतक्या दिवसांत हे मला एकदाही दिसलं नव्हतं. गूळ असा पिवळाधमक उतरला की मालक निर्धास्त पुढच्या उसाकडं वळला.

मग मामांनी मला हाक मारली. "आता इचारा की. आता रिकामा हाय मी." तासभर बोलत होते. निघताना मालकानं कालच्या काळ्या गुळाचा हा एवढा खडा माझ्या झोळीत टाकला. "तुमचा हाय, तुमीच खावा." त्याचा कडवट चहा आमच्या घरानं महिनाभर प्याला.

नातीला एवढंच सांगितलं, "डॉक्टरांना काय विचारायचं ते काम उरकल्यावर विचार. आणि त्यांच्या जबड्याकडं लक्ष ठेव."

"जबडा? आजी, तो या चष्म्यात येत नाही."

"म्हणूनच तर तू बघ."