बाईंची खिडकी

“आधी बसा तर म्हणा की त्यांना!”

माझ्या खांद्यामागे उभं राहून बाई असं म्हणायच्या आणि मी दर वेळी गडबडायचो. कारण बसवण्यासारखं समोर कुणीच नसायचं. समोर संगणक असायचा, त्याच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिडकी उघडलेली असायची आणि तिच्यात कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला प्रश्न. तो माणूस अक्कलकोटच्या एसटीत उभा असेल, नाहीतर चिंचोळी एमआयडीसीत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत असेल. त्याला मी कुठे बसा म्हणणार?

“बाई, तो त्याच्या घरी बसलेलाच असेल.”

“असू दे की. आपण म्हणायचं.”

मग मी मुकाट्याने लिहायचो, ‘नमस्कार, बसा. प्रश्न वाचला, शोधतोय.’ आणि पलीकडून चक्क उत्तर यायचं, ‘हो, बसलोय.’ त्यावर बाई माझ्याकडे अशा काही बघायच्या की मी पडद्यात तोंड खुपसायचो.

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात त्या संदर्भ विभागाच्या प्रमुख होत्या. संदर्भ विभाग म्हणजे, तुम्हाला ठाऊक असेलच, जिथे पुस्तक घरी न्यायचं नसतं, प्रश्न विचारायचा असतो. टाळेबंदीत वाचनालयाला कुलूप लागलं तेव्हा बाईंनी इंटरनेटवर ही खिडकी उघडली. लोकांनी घरून प्रश्न लिहायचा, आम्ही इथून उत्तर द्यायचं. कुलूप निघालं तरी खिडकी त्यांनी मिटली नाही. टायपिंग मात्र शेवटपर्यंत एकाच बोटाने. ते बोट हवेत धरून त्या अक्षर शोधायच्या आणि सापडलं की ढेकूण चिरडावा तसं दाबायच्या.

बाईंचं घर विणकरांचं. घरी फोनवर तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, आमच्याशी मराठी. तिन्ही भाषांत आवाज एकच, खणखणीत. तेलुगूतून त्या मलाही कधीमधी दोन शब्द सुनावायच्या. ते कळायचे नाहीत, तेवढंच सुख.

त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते तेव्हा वाचनालयाच्या अध्यक्षांनी सहज सांगून टाकलं, “बाई गेल्या की ती खिडकी बंद करू. हल्ली मोबाइलला विचारलं की तोच सगळं सांगतो. शिवाय दुसरं कोण बघणार?”

पहिला मुद्दा बाईंनी जागच्या जागी निकालात काढला. “मोबाइलला विचारून झाल्यावरच येतात की लोकं माझ्याकडं.” दुसरा मुद्दा मात्र खरा होता, दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी सगळ्यांना विचारून पाहिलं. कुणाचे डोळे दुखत होते, कुणाची मान, कुणाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. शेवटी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी नियतकालिकांच्या विभागात. मासिकांवर शिक्के मारण्यात आणि दिवाळी अंक पळवणाऱ्यांवर नजर ठेवण्यात माझी हयात गेलेली.

“मासिकवाले, तुम्ही शिका.”

“मी? अहो, मला कुठं…”

“नाही म्हणायला तुम्हाला लई वेळ लागतो ओ. मी हो धरलं.”

असा मी पन्नाशी उलटल्यावर ऑनलाइन झालो.

खरं सांगायचं तर मनातून मी फुशारलो होतो. यात शिकायचंय काय? प्रश्न आला की पुस्तकांची नावं फेकायची, आणि नावं तर मला तोंडपाठ. एका दुपारी बाई आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला बसल्या होत्या आणि खिडकी माझ्या एकट्याच्या ताब्यात होती. सांगोल्याकडच्या माळावरून मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एका सुनेचा प्रश्न आला, ‘मेंढ्यांच्या रोगाचं पुस्तक हाय का?’ (हा किस्सा तिच्या परवानगीने सांगतोय. परवानगी घेण्याची अक्कल मला कशी आली, ते पुढे येईलच.)

मला स्फुरण चढलं. बसा म्हणालो. मग पुस्तकांची नावं, लेखक, प्रकाशक, कपाटाचा क्रमांक अशी झकास यादी लिहिली. यादी फारच देखणी झाली म्हणून शेवटी लोकरीच्या इतिहासावरचं एक पुस्तकही जोडलं. शिवाय मेंढीपालनाचं एक जुनं जाडजूड पुस्तक आम्ही स्कॅन करून ठेवलं होतं, ते अख्खंच्या अख्खं पाठवून दिलं. आणि पलीकडून धन्यवाद यायची वाट बघत खुर्चीत रेललो.

धन्यवादाऐवजी बाई आल्या, हात पुसत. त्यांनी पडदा वाचला.

“कशाला पाहिजे ते विचारलं का तिला?”

“पुस्तक मागितलं की तिनं. दिलं.”

बाईंनी मला खुर्चीतून उठवलं आणि ते एक बोट चालू केलं. ‘आत्ता कुठली मेंढी आजारी आहे का?’

उत्तर लगेच आलं. ‘व्हय. ज्वारीचं कवळं फुटवं खाल्लं. तोंडाला फेस आलाय. चार पडल्यात.’

कोवळे फुटवे मेंढराला विष होतात हे आमच्या जिल्ह्यात कुणीही सांगेल. मीही सांगितलं असतं. पण तिला काय झालंय हे मी विचारलंच नव्हतं. बाईंनी तोवर तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला होता आणि तिथल्या डॉक्टरांना त्या आमच्या शिपायाला सांगावं तसं सांगत होत्या, “आधी निघा, बाकीचं गाडीत बसून विचारा.” मला म्हणाल्या, “लिहा तिला. बाकीची मेंढरं त्या रानातून बाहेर काढ म्हणावं. डॉक्टर निघालेत म्हणावं.” मी लिहिलं.

संध्याकाळी तिचा निरोप आला. ‘दोन गेल्या. बाकीच्या उठल्या.’ आणि खाली, ‘तुमच्या पुस्तकात हे हुतं, पर लई मागल्या पानावर. निम्मं नेट त्यानंच खाल्लं.’

बाई त्या दिवशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाल्या, “समोर असती तर तुम्हीसुद्धा तिचं तोंड बघून ओळखलं असतं. खिडकीत तोंड दिसत नाही ओ. म्हणून विचारायचं.” घरी गेल्यावर मला जेवण जाईना. बायकोने कारण विचारलं तर मी म्हणालो, “दोन मेंढ्या गेल्या.” ती चपापून म्हणाली, “आपल्या कुठं होत्या मेंढ्या?”

या प्रकरणानंतर मी जो विचारत सुटलो तो सुटलोच. एकाने खिडकीत लिहिलं, ‘वाचनालय किती वाजता बंद होतं?’ मी अतिशय नम्रपणे विचारलं, ‘ही माहिती आपल्याला कशासाठी हवी आहे?’

तो म्हणाला, ‘आत यायला.’

बाई पदर तोंडाला लावून हसत हसत खालीच बसल्या. पुढचे कितीतरी दिवस मी कुणाला काही विचारलं की त्या पलीकडच्या टेबलावरून ओरडायच्या, “आत यायला!”

खिडकी चालवायची म्हणजे नुसती उत्तरं द्यायची नसतात, हे मला हळूहळू कळत गेलं. सांगितलेली वेळ पाळायची. उत्तर कुठून आणलं ते लिहायचं. वकिलाचं काम वकिलाकडे पाठवायचं, डॉक्टरचं डॉक्टरकडे, आणि आपल्याला येत नसेल तर येत नाही म्हणायचं. हे शेवटचं मला फार जड गेलं, पण जमलं. जमेना ते एकच, तोंड बंद ठेवणं.

मी गप्पिष्ट माणूस. चहाच्या टपरीवर माझ्यावाचून चहा उकळत नाही अशी माझी समजूत. तिथे एकदा मी खिडकीत आलेला एक प्रश्न तिखटमीठ लावून सांगितला. नाव सांगितलं नाही, कारण नाव ठाऊकच नव्हतं. मंडळी खदखदून हसली. एक गृहस्थ हसले नाहीत. अर्धा चहा तसाच ठेवून, कुणाकडे न बघता ते निघून गेले. मी वळलो तर मागे बाई.

त्यांनी मला वाचनालयात आणलं. मग म्हणाल्या, “कोण कुठलं पुस्तक नेतंय ते आपण बाहेर सांगतो का?”

“नाही.”

“मग प्रश्न का सांगितला?”

“गंमत म्हणून, बाई.”

“त्याची गंमत नव्हती ओ ती.”

त्यांचे डोळे भरून आले होते. तो प्रश्न त्या गृहस्थांचाच होता की नाही, देव जाणे. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं आणि मला माझी इतकी लाज वाटली की आठवडाभर मी टपरीवर फिरकलो नाही. चहा माझ्यावाचून व्यवस्थित उकळत होता असं नंतर कळलं. तो प्रश्न कोणता होता, असं तुमच्याही मनात आलं असेल. येऊ द्या.

बाईंच्या शेवटच्या आठवड्यात समितीची बैठक लागली. अध्यक्ष म्हणाले, “काय चालतं ते आम्हाला दाखवा. पटलं तर ठेवू.” सगळ्यांना दिसावं म्हणून माझा संगणक भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला. मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. ऐन वेळी प्रश्नच आला नाही तर पंचाईत, म्हणून भाच्याला एक सोपा प्रश्न पाठवायला सांगतो, असं मी आदल्या दिवशी सुचवलं होतं. बाईंनी ते उडवून लावलं. “खोटं गिऱ्हाईक नको.”

झालं तसंच. सगळे टीव्हीकडे बघत बसले आणि प्रश्न येईना. बिस्किटं संपली. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाई कोपऱ्यात हाताची घडी घालून बसल्या होत्या, पण त्यांचा पाय हलत होता. त्यांनी एवढी वर्षं जपलेली खिडकी आता माझ्यासारख्या माणसाच्या हातात होती.

मग खिडकी वाजली. टीव्हीवर पहिली ओळ उमटली, मोठ्या अक्षरांत. माणूस घरच्यांपासूनही लपवतो अशातली ती ओळ होती. अध्यक्षांनी चष्मा चढवला. मी वाकलो आणि टीव्हीची वायर ओढून काढली.

“काय हो, लाइट गेली?”

“नाही, साहेब. मी काढली. हे दाखवता येणार नाही.”

“अहो, मग आम्ही बघायचं काय?”

“बघता येणार नाही, साहेब.”

हे मी बोललो यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तोवर अध्यक्षांपुढे मी ‘हो साहेब’ आणि ‘झालंच साहेब’ याच्या पलीकडे गेलो नव्हतो. आपण बाईंची खिडकी बुडवली, असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या उठल्या, आपली खुर्ची उचलून आणली आणि माझा पडदा झाकला जाईल अशी, समितीकडे तोंड करून बसल्या. मागे न वळता म्हणाल्या, “लिहा तुम्ही.”

मी लिहिलं. विचारलं, वाचलं, शोधलं, परत लिहिलं. बराच वेळ गेला. एवढी माणसं खोलीत असून खुर्चीसुद्धा करकरली नाही. पलीकडचं माणूस जाताना ‘बरं वाटलं’ एवढंच म्हणालं. मी वळलो तेव्हा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

अध्यक्ष म्हणाले, “आम्हाला दिसलं तर काहीच नाही. ठराव कशावर करायचा?”

समितीवर एक म्हातारे वकील होते. प्रत्येक बैठकीत ते झोपायचे. त्यांनी घसा खाकरला. “चालू ठेवा. मलाही एक विचारायचंय. इथं नाही. घरून विचारीन.”

कुणी हसलं नाही. ठराव झाला. बाहेर पडताना आणखी एका सभासदाने मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघत, खिडकी मोबाइलवर कशी उघडायची ते विचारून घेतलं.

बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे हुबळीला राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी म्हणालो, “अडलं तर फोन करीन.”

“नका करू.”

“का?”

“मी उत्तर देत बसेन. मग लोकं तुम्हाला कधी विचारणार?”

मला त्यांचा राग आला. मग कपाटांमागे जाऊन मी रडलो, आणि कुणीतरी आलं तेव्हा जुने अंक शोधतोय असं सांगितलं. बाईंची आठवण रोज येते. ओरडायला कुणी नाही म्हणून विभाग फार शांत झालाय आणि ती शांतता मला सोसत नाही.

परवा दुपारी खिडकी वाजली. ‘बाई हायत का?’

मी लिहिलं, ‘बसा. बाई निवृत्त झाल्या, मुलीकडे गेल्या. आता मी असतो.’

मग ‘लिहीत आहे’ असं दिसू लागलं, थांबलं, पुन्हा दिसू लागलं. बाईंनाच सांगायचं म्हणून कुणीतरी काहीतरी मनात धरून आलं होतं, आणि इथे त्यांच्या जागी मी. आपण बाई नाही याचं मला एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं. हात मांडीवर ठेवून मी नुसता बसून राहिलो. पुष्कळ वेळाने अक्षरं उमटली.

‘बरं. मग तुमालाच सांगते.’