छाट परत द्या

मुलाखतीला सरांनी माझा कागद नाकाला लावला.

वाचला नाही. आधी हुंगला. मग शेजारच्या खुर्चीतल्या मॅडमकडे सरकवला.

"बघा हो, मला एकट्यालाच येतोय का?"

मॅडमनी लांबूनच वास घेतला, ओढणी नाकावर धरली आणि हसू दाबलं.

"तंबाखू," सर म्हणाले. "रेझ्युमे आहे की बिडी? पेटवून बघू का?"

काचेपलीकडे चार-पाच पोरं संगणकावर वेबसाइट करत बसली होती. दोघं वळून बघायला लागली. एसी चालू होता आणि माझी पाठ घामाने ओली झाली होती.

वास खरा होता. सोलापूरच्या पूर्व भागात आमची एक खोली. एका भिंतीला अम्मा बिड्या वळत बसते. मांडीवर सूप, शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, तंबाखूचा डबा. समोरच्या भिंतीला माझा लॅपटॉप. रंगीत प्रिंट चुरगळू नये म्हणून मी फळीवर सपाट ठेवली होती, तंबाखूच्या पिशवीवर. दोन दिवस ती तिथेच होती. आम्हा दोघींना तो वास येत नाही. येतो तो दुसऱ्यांनाच.

मग सरांनी कागद वाचला. तो रेझ्युमे मी इंटरनेटवरून फुकट उचललेल्या नमुन्यावर केला होता. डावीकडे निळा पट्टा, गोलात फोटो, खाली माझ्या कौशल्याच्या पट्ट्या. फोटोशॉप नव्वद टक्के. कोडिंग पंच्याऐंशी टक्के. सर्जनशीलता पंच्याण्णव टक्के.

"हे पंच्याण्णव कुणी मोजले गं? तराजू कुठला?"

पुन्हा हसू. या वेळी मॅडमनी दाबलं नाही.

मी चिडकी आहे. कोथिंबीर घेतानासुद्धा भांडते. हा लॅपटॉप जुन्या बाजारातून घेतला तेव्हा दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला होता, "ताई, न्या, पण उठा." डिझाइन मी फ्लेक्सच्या दुकानात शिकले. वाढदिवसाचे फ्लेक्स. एका फ्लेक्सवर भाऊ, दादा, आण्णा आणि त्यांची चाळीस पोरं बसवायची, आणि कुणाचंही डोकं दुसऱ्यापेक्षा लहान दिसू द्यायचं नाही. त्यावर मारामाऱ्या होतात. चार वर्षं ती डोकी बसवत बसवत मी रात्रशाळेसारखं घरी वेबसाइट करायला शिकले. कुणी शिकवलं नाही. दुकानात मी गिऱ्हाइकाला गप्प करते.

इथे मीच गप्प बसले. मला ती नोकरी हवी होती. अम्माच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत.

"वासाचं जाऊ दे," सर म्हणाले. "काम दाखव. एमआयडीसीतला एक टॉवेलवाला आहे, बाहेरच्या देशात माल पाठवतो. त्याच्यासाठी पहिलं पान करून आण. नमुना म्हणून. पसंत पडलं तर बघू."

कंपनीचं नाव लिहीत नाही. फुकट जाहिरात मी का करू?

चार दिवस बसले. टॉवेल कसा दाखवायचा? सगळे दाखवतात तसा गुंडाळी करून, वर फूल ठेवून नको होता. आमच्या गल्लीत बायका टॉवेलच्या घड्या घालतात, ते मी लहानपणापासून बघते. तसंच पान केलं. उघडलं की घडी घातलेला टॉवेल. खाली सरकलं की एक घडी सुटते आणि आत मजकूर. आणखी सरकलं की दुसरी घडी. शेवटी पडदाभर पसरलेला टॉवेल, काठासकट.

कोडमध्ये पानाच्या प्रत्येक भागाला एक नाव द्यावं लागतं. ते बघणाऱ्याला दिसत नाही, आतच राहतं. लोक इंग्रजी नावं देतात. मी अम्माच्या कामाची देते, लिहिते मात्र इंग्रजी अक्षरांत. सगळं ज्यात मावतं ते सूप. कापून बसवतात ती कात्री. दोन भागांना बांधतो तो दोरा. आणि पानावर असून दिसू द्यायचं नाही, झाकून ठेवायचं, त्याला मी छाट म्हणते.

छाट म्हणजे काय ते सांगते. मग पुढचं सांगते.

बिडी वळणाऱ्या बाया कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू घरी आणतात, वळतात आणि दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये नेऊन देतात. तिथे चेकर बसतो. बंडलात हात घालतो, मूठभर बिड्या काढतो, बाजूला फेकतो. ही पातळ. ही वाकडी. ही छाट. छाटेची मजुरी नाही. आणि छाट परतही मिळत नाही.

मी दहा वर्षांची असताना अम्माबरोबर गेले होते. आमच्या बंडलातून त्याने तीन मुठी काढल्या. बाजूच्या टोपलीत टाकल्या. मला गणित साधं वाटलं. मी म्हटलं, "काका, खराब हाय तर परत द्या की."

रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

"ए पोरी," चेकर म्हणाला, "लई शानी झालीस व्हय? तुज्या बापाचं पान हाय का?"

"पान तुमचं हाय. वळल्या आम्ही हाय. मग मोडून टाका. आमच्यासमोर मोडा."

अम्माने मला थोबाडीत मारली. सगळ्या रांगेसमोर. "ऊरुको," तेलुगूत म्हणाली. गप्प बस. आणि चेकरला हात जोडले.

परत निघताना मागच्या दारातून मला दिसलं. त्याच टोपलीतल्या बिड्या एक माणूस बंडलात भरत होता. वर कागद गुंडाळत होता. कारखान्याच्या छापाचा.

गाल दुखत होता. पण मी रडले ते त्या कागदासाठी.

तर, टॉवेलचं पान पाठवलं. तिसऱ्या दिवशी तीन ओळींचा मेल आला. आमच्या दर्जाचं वाटत नाही. मांडणी गावठी आहे. शुभेच्छा.

मी अम्माला सांगितलं, नाही झालं. तिने सुपातून मान वर केली नाही. "वास आला असंल," एवढंच म्हणाली. मी तिला त्या कागदाचं काहीच सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, मी आजवर विचारलेलं नाही.

दोन महिन्यांनी आमच्या शेजारचे रफिकभाई सायकल टेकवून दारात उभे राहिले. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत, टॉवेलच्याच कारखान्यात. हातात फोन.

"ये देख बेटी, हमारे सेठ की वेबसाइट. खुलती कैसी देख. घडी के जैसी! तू भी ऐसा कुछ सीख ना."

घडी सुटली. दुसरी सुटली. टॉवेल पडदाभर पसरला, काठासकट.

"क्या हुआ? रोती कायको?"

मी लॅपटॉपवर तेच पान उघडलं आणि त्याचा कोड बघितला. रंग बदलला होता. फोटो बदलले होते. आत सगळं जिथल्या तिथे. सूप. कात्री. दोरा. आणि सगळ्यात खाली, झाकलेलं, छाट.

दुसऱ्या दिवशी आधी वेळ न ठरवता थेट सरांच्या ऑफिसात गेले. सर बाहेरच्या हॉलमध्ये पोरांच्या मागे उभे होते. मी माझा लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि उघडला.

"हे सूप कुणाचं?"

"कसलं सूप?"

मी बोट ठेवलं. एक पोरगा मान वळवून बघायला लागला आणि बोलून गेला, "सर, ते ना! आम्हाला वाटलं प्यायचं सूप. अर्थ लागला नाही म्हणून हात लावला नाही. खाली चाट पण आहे."

सर हसले. मोकळेपणाने हसले, हे मला जास्त लागलं. "सूप, चाट. हॉटेलचं मेनू कार्डच! काय गं, करताना भुकेली होतीस का?"

सगळा हॉल हसला.

"व्हय," मी म्हटलं. "भुकेली होते."

एवढी वर्षं फ्लेक्सच्या दुकानात घासून घासून आणलेलं माझं 'हो' कुठे गेलं कळलं नाही. आणि मला ते शोधावंसंही वाटलं नाही. हसणं थांबलं होतं.

सर मला आत घेऊन गेले. खुर्ची दिली. पाणी मागवलं. माणूस हुशार आहे. भाव कधी करायचा हे त्यालाही कळतं.

"हे बघ, तुझ्यात गुण आहेत. सोमवारपासून ये. बस?"

सोमवार. मी त्या शब्दाकडे बघत राहिले. अम्माची दोन बोटं डोळ्यांसमोर आली. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी कपडेसुद्धा ठरवले.

"त्या पानाखाली माझं नाव येईल?"

"कंपनीचं काम, कंपनीचं नाव. सगळीकडे हीच पद्धत."

"तेव्हा मी कंपनीत नव्हते."

"अगं, तो नमुना होता."

"नमुना नापसंत होता ना? तुमच्या दर्जाचा नव्हता. गावठी होता. मेल आहे माझ्याकडे."

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"मग परत द्या."

"परत म्हणजे काय? ही काय वस्तू आहे?"

"पान काढा तिथून. आत्ता. माझ्यासमोर मोडा. नाहीतर खाली माझं नाव लिहा. दोन्हीतलं एक करा, सोमवारी येते."

"आणि नाही केलं तर?"

"तर तुमचा सोमवार तुम्हाला."

त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "सोलापूर लहान आहे गं. सगळे एकमेकांना ओळखतात."

मी उठले. पाणी तसंच राहिलं.

घरी येऊन अम्माला सगळं सांगितलं. कागदाच्या वासापासून सोमवारपर्यंत. मला वाटलं होतं, ती डोक्यावर हात ठेवेल. ती बिडी वळत राहिली. दोरा बांधला, ठेवली, दुसरं पान घेतलं.

"लागलं असतं की काम," म्हणाली.

"अम्मा, त्यांनी माझी छाट विकली."

"सगळेच विकतेत. मी तीस वर्षं बघितलं नाही व्हय?" मग माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी तुला मारलं ते दुसऱ्या दिवशी पान मिळावं म्हणून मारलं. मिळालं. सगळं फाटकं, भोकं पडलेलं दिलं त्याने. महिनाभर."

म्हणजे ती थोबाडीत वायाच गेली होती. हे तिने इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती सरकली, सुपाला धक्का लागू नये म्हणून. नंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. अजूनही ती म्हणते की मी चुकले. दारावरून कुणी कामाला जाताना दिसलं की माझ्याकडे बघते.

त्या चार दिवसांत मी रेझ्युमे नव्याने केला.

निळा पट्टा काढला. गोल फोटो काढला. टक्के काढले. त्या बाबतीत सर बरोबर होते, ते टक्के कुणी मोजलेच नव्हते. जुन्या कागदात पत्त्यापुढे मी फक्त 'सोलापूर' लिहिलं होतं. आता पूर्ण लिहिला, गल्लीसकट. कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी 'गृहिणी' लिहीत आले. लिहिताना कधी हात थांबला नाही, त्याची आता लाज वाटते. रेझ्युमेत हे कुणी विचारत नाही. तरी नावाखाली पहिल्याच ओळीत लिहिलं: आई बिडी कामगार, काम तिच्याकडून शिकले.

कागदाच्या मधोमध एक सूप काढलं. त्यात माझी कामं, एकाशेजारी एक. फ्लेक्ससुद्धा, चाळीस डोक्यांचा. आणि खाली वेगळा भाग. मथळा मोठ्या अक्षरांत. छाट. त्यात टॉवेलचं पान, ते मी पाठवल्याची तारीख, नापसंतीच्या तीन ओळी जशाच्या तशा, आणि आज ते पान कुठे चालू आहे तो पत्ता.

रफिकभाईंनी बघितलं आणि घाबरले. "इसको कौन नौकरी देगा बेटी?"

बहुतेक कुणी नाही. आत्तापर्यंत अकरा ठिकाणी दिलाय. नऊ ठिकाणांहून उत्तर नाही. एकाने फोन करून सांगितलं, काम चांगलं आहे, तेवढा खालचा भाग काढून पाठवा. दुसऱ्याने नमुना मागितला. मी म्हटलं, बसून करते, तुमच्यासमोर. नापसंत पडला तर तुमच्यासमोरच पुसते. त्याने फोन ठेवला.

टॉवेलचं पान अजून चालू आहे. सकाळी फ्लेक्सच्या दुकानात जाण्याआधी मी ते उघडून बघते. घड्या सुटतात. चांगल्या सुटतात.

खालचा भाग मी काढणार नाही. रेझ्युमेच्या प्रिंट मी अम्माच्या फळीवरच ठेवते, तंबाखूच्या पिशवीवर, मुद्दाम. घ्या, नाकाला लावा. मग वाचा. पसंत पडला तर माझ्या नावानिशी घ्या. नसेल पडला तर तोच कागद माझ्या हातात परत द्या.

ठेवून घेऊ देणार नाही.