तिरका एल

आमच्या एक्स-रे विभागातल्या टेक्निशियनला सगळे शंकाताई म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. दुधाची पिशवी घेताना ती तारीख दोनदा वाचते. लिफ्टचं दार उघडलं की आतल्या माणसांना मजला विचारून मगच बाहेर पडते. मी शेजारच्या नोंदणीच्या खिडकीत बसतो. सव्वीस वर्षांत तिची थट्टा करणं हा माझा हक्कच झाला होता.

कामात मात्र तिचा संशय सहसा वाया जात नसे. छातीची फिल्म काढताना डावी बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात शिशाचं ‘एल’ अक्षर लावतात. पेशंटचा खोकला ऐकून किंवा सैल पडलेली कॉलर बघून तिच्या मनात पाल चुकचुकली, की ती ते अक्षर तिरकं लावायची. डॉक्टरांना कळायचं, ही फिल्म नीट बघायची. हे कुठल्याही कागदावर नव्हतं. दोघांमधली खूण होती, आणि मला माहीत होती, कारण मला सगळंच माहीत असतं.

मग फिल्म वाचणारा कॉम्प्युटर आला. आमच्याच दहा वर्षांच्या फिल्म दाखवून त्याला तयार केलं होतं. शंका आली तर लाल चौकट, नाहीतर हिरवी. लाल फिल्म आधी डॉक्टरांकडे जायच्या, हिरव्यांवर नुसती सही व्हायची. डॉक्टर एकटे, सीटी, सोनोग्राफी सगळं त्यांच्याच डोक्यावर.

“हा फारच माझ्यासारखा विचार करतो,” शंकाताई म्हणाली. “मला नाही पटत.”

“ताई, तुला तुझी सावलीसुद्धा पटत नाही,” मी म्हणालो.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती बारा दिवस रजेवर गेली. जाताना मला बजावलं, “भाऊ, महिनाभर खोकताय. फिल्म काढून घ्या.” बदलीवर आलेल्या टेक्निशियनकडून मी काढून घेतली. हिरवी! ती परतली तेव्हा रिपोर्ट तिच्या नाकासमोर नाचवला.

“अक्षर कसं लावलं होतं?” तिने विचारलं.

“सरळ. त्याला काय तुझ्यासारखी खोड आहे?”

मशीन तपासायला ठेवलेला प्लॅस्टिकचा पुतळा तिने उभा केला. त्याच्या आत फुप्फुसांचे आकार आहेत, आजार काहीच नाही. अक्षर सरळ लावून फिल्म काढली, हिरवी आली. तिरकं लावून काढली, तर लाल; शंका शंभरात एक्क्याण्णव. मला हसू आवरेना. प्लॅस्टिकला क्षय!

“हसू नका,” ती म्हणाली. “हा छाती बघतच नाही, माझं अक्षर बघतो. जुन्या फिल्ममध्ये आजार तिरक्या अक्षराच्याच फिल्ममध्ये निघायचा, तेवढंच हा शिकला. मी नव्हते तेव्हा सगळ्यांचंच अक्षर सरळ होतं, भाऊ. तुमचंही.”



ती मला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. “ताई, ही खूण वर कळवावी लागेल. आपल्या दोघांवर येईल.”

“येऊ दे, सर. आधी यांची फिल्म उघडा.”

मी फिल्मकडे बघितलंच नाही, डॉक्टरांच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. ते पुढे वाकले, चित्र मोठं केलं, पुन्हा मोठं केलं. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली मसुराएवढा डाग होता. “लहान आहे,” ते म्हणाले. “उद्याच सीटी करू.”

मी घाबरलो होतो. आणि खोटं कशाला बोलू, मला तिचाच राग आला होता.

“मीच शिकवलं त्याला,” ती पुटपुटली. तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं.

बारा दिवसांतल्या हिरव्या फिल्म डॉक्टर एकेक करून बघत गेले. ती शेजारी उभीच होती, जेवायलाही गेली नाही. संध्याकाळपर्यंत माझ्याखेरीज डाग असलेल्या आणखी सात निघाल्या. फोन नंबर नोंदणीत असतात, म्हणजे माझ्याकडे.

पहिला फोन एका बाईंनी उचलला. उद्या परत यावं लागेल म्हटल्यावर त्या हसल्या. “अहो, चुकून केला असेल फोन. माझा रिपोर्ट तर हिरवा आहे.”

“हो,” मी म्हणालो. “माझाही हिरवाच होता.”