पार्वतम्माची मान

निजामाच्या अमलात लोहारा गावच्या युनानी दवाखान्यात औषधं कुटणारे कल्याणप्पा आमचे शेजारी. हकिमांच्या तोंडून ऐकलेलं अरस्तू या जुन्या ग्रीक पंडिताचं ज्ञान ते न्हाव्यापासून कासारापर्यंत सगळ्यांना पाजायचे. "जीव तीन परकारचा. झाडाचा नुसता वाढतो. जनावराच्या जिवाला दुखतंय-खुपतंय. माणसाचा इचार करतो. निसर्ग उगी काईच करत न्हाय."

१९४४ साली त्यांची बायको पार्वतम्मा तापानं फणफणली. ताप उतरला, पण वाचा गेली, हातपाय गेले. डोळे उघडे, ओळख नाही. पेज ओठांना लावली की गिळायची. केस वाढायचे, नखं वाढायची. एकदा तिची नखं कापता कापता कल्याणप्पांनी निकाल देऊन टाकला, "वरचे दोन जीव गेले. झाडाचा तेवढा ऱ्हायला."

"न्हाय अप्पा, अव्वाला समदं ऐकू येतंय," लेक इरम्मा रडकुंडीला येऊन सांगायची. पण कल्याणप्पा बायकोशी बोलेनासे झाले. झाडाशी कोण बोलतं?

रोज तिची बाज अंगणात असायची. कल्याणप्पा औषधाच्या गोळ्या वाळवत बसायचे, ऊन सरकेल तसे सरकायचे. महिनाभरानं इरम्मा किंचाळली. अव्वाची मान उन्हाकडं वळत होती! सकाळी पूर्वेला, सांजेला पश्चिमेला, इतकी हळू की वळताना दिसायची नाही. मी भिंतीआडून टक लावून पाहिलं आणि अंगावर काटा आला. कल्याणप्पा मात्र खूश. "बगा, झाडच हाय!"

वर्षभरानं सिद्धम्माशी त्यांची दुसरी सोयरीक ठरली. साखर वाटायला पाहुणे आले, तेव्हा आभाळ गच्च भरलेलं. बाजेपासून चार हातांवर, गोठ्याच्या बाजूला सगळे बसले.

"पहिलीचं काय?" एकानं विचारलं.

"हिच्यात आता माणूस न्हाय," कल्याणप्पा म्हणाले.

इरम्मानं त्यांचा सदरा ओढला. पार्वतम्माची मान गोठ्याकडं वळली होती. ऊन नसताना. डोळे थेट कल्याणप्पांवर होते, रोज उन्हाबरोबर सरकणाऱ्या कल्याणप्पांवर.

कल्याणप्पा उठले, बसले, पुन्हा उठले. साखरेची चिमूट त्यांनी तिच्या ओठांशी नेली. वर्षभर लावाल ते गिळणाऱ्या पार्वतम्मानं दात घट्ट आवळले.

सोयरीक त्यांनी तिथंच मोडली. मग बाजेपाशी बसून कधी कानडीत, कधी मराठीत माफी मागत राहिले. मला त्यांचा अजून राग येतो, आणि कीवही. सहाव्या दिवशी ती गेली. तोवर मान त्यांच्याकडंच होती, आणि पेजेचा एक थेंबही तिनं आत जाऊ दिला नाही.