पिंपातलं गोडं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आत्तासुद्धा दार नीट लागलंय का ते पाहून आले — कोण ऐकणार आहे?

शेजारच्या मंगलताईंना साल्व्हियाचं भारी वेड. गच्चीवर हिरव्या जाळीखाली कुंड्या, त्यात निळे, गर्द जांभळे तुरे. नाजूक जात, सोलापूरच्या उन्हात तान्ह्या बाळासारखी जपावी लागते. त्या उन्हाळ्यात त्या लेकीकडे पुण्याला गेल्या आणि झाडं माझ्यावर सोपवली. घरी त्यांच्या सासूबाई होत्या, मैंदर्गीच्या गंगव्वाआजी, पण त्यांना बादली उचलवत नव्हती. मंगलताईंनी एकच बजावलं — बोअरचं पाणी खारं आहे, ते घालू नकोस. पिंपातलं नळाचं गोडं पाणी घाल.

आणि मी काय केलं? आमच्याकडे नळाला पाणी आलं नव्हतं, पाहुणे होते — नाही, पाहुण्यांचं नाव कशाला पुढे करू? त्यांचं पिंप मी माझ्या घरात रिकामं केलं. झाडांना बोअरचं घातलं. पानांच्या कडा करपल्या, मग फांद्यांनी माना टाकल्या. मातीवर पांढरा खार चढला. मंगलताई यायच्या आधी तो मी चमच्यानं खरवडून काढला. म्हणजे मला सगळं कळत होतं ना?

संशय गेला आजींवर. त्या विसरायच्या, भांड्यांचं सोड्याचं पाणी एकदा तुळशीत ओतलं होतं त्यांनी. "म्या न्हाय ओतलं की," त्या सांगत राहिल्या. मी तिथंच उभी होते. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. कोवळ्या उन्हाला बसायची आजींची तेवढी एकच जागा होती.

तेव्हापासून त्या खिडकीत दिसल्या की मी मान खाली घालून पुढे निघते. बोअरची बादली नेताना त्यांनी मला पाहिलं होतं — आठवलं तर? कुणाला बोलल्या तर? परवा त्यांनी हाक मारली. जवळ गेले तर त्या रडत होत्या.

"माज्याच हातनं झालं आसंल गं. आता काय ध्यानात राहत न्हाय."

मला हायसं वाटलं. हो, हायसंच. मी त्यांचा हात थोपटला आणि म्हणाले, असू दे आजी, वयानं होतं असं.